साध्या कॅमेऱ्याची साक्ष



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, सीमाभागातील बोलीवर बोलणारी जाणती माणसे येऊन गेली. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘‘माझ्या कॅमेऱ्यावर बोलतो.’’ ते जरा थांबून म्हणाले, ‘‘म्हणजे छायाचित्रकलेवर?’’ मी म्हणालो, ‘‘कला मला येत नाही. दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात जो कॅमेरा पडलेला असतो, त्याच्यावर.’’ त्यांनी हो म्हटले, हे त्यांचे औदार्य.

हा कॅमेरा मी २००९ साली घेतला. किंमत सहा हजारांच्या आत. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, तीन पट झूमचा, शर्टाच्या खिशात मावणारा. तुमच्याही घरी असा एखादा असेल. मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतलेला, किंवा मुलाने परदेशातून येताना आणलेला. २०१० साली जगभरात मिळून बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक असेच छोटे होते. पुढे मोबाइलने त्यांची जागा घेतली. ते मोडले मात्र नाहीत. कपाटात, साड्यांच्या घडीखाली, चार्जरच्या गुंत्यात ते अजून आहेत. तुमचा कॅमेरा तुम्ही बाहेर काढावा म्हणून मी आज उभा आहे.

आधी या वस्तूच्या पोटात काय असते ते पाहू. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्रात ठिपके फक्त दहा हजार, तेही काळे-पांढरे, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आपल्या खिशातला कॅमेरा एक कोटी ठिपके एका क्षणात टिपतो. पण ते ज्या तुकड्यावर टिपले जातात, तो सेन्सर केवढा? साधारण ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखाहूनही लहान. जुन्या रोल कॅमेऱ्यातली फिल्म ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. क्षेत्रफळ काढले तर फिल्म तीस पटींहून मोठी भरते.

हा एक हिशेब समजला की स्वस्त कॅमेऱ्याचे गुण आणि दोष दोन्ही समजतात. लहान खिडकीतून घरात उजेड कमी येतो, तसेच हे. अंगणात, उन्हात, खिडकीशी तो उत्तम चित्र देतो. संध्याकाळी माजघरात तोच कॅमेरा वाळू टाकल्यासारखे रवाळ चित्र देतो. खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याने हे बदलत नाही. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमीच येतो. म्हणून पहिला नियम असा, की वस्तू उजेडात आणा, आणि ती आणता येत नसेल तर कॅमेरा स्थिर ठेवा.

स्थिर ठेवण्याचा एक अनुभव सांगतो. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. रट्टांच्या काळात, १२०४ साली, बिचिराजाने बांधवलेली. छतातून खाली उमललेले ते दगडी कमळ पाहताना मान दुखून येते. आत उजेड बेताचा. मी पहिल्यांदा मान वर करून, हात उंचावून फोटो काढले, तेव्हा सगळे हलले. फ्लॅश टाकला तर पाकळ्यांच्या सावल्या जाऊन कमळ कागदी दिसायला लागले. शेवटी तिथल्या माणसाला विचारून कॅमेरा कमळाच्या बरोबर खाली फरशीवर उताणा ठेवला, फ्लॅश बंद केला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि बाजूला झालो. कॅमेऱ्याने अर्धा सेकंद शांतपणे पाहिले. पाकळीन् पाकळी आली. तिपाई नाही, मोठी लेन्स नाही, फक्त फरशी.

हाताळण्याच्या आणखी चार गोष्टी एकदम सांगून टाकतो. बटण आधी अर्धे दाबा. कॅमेरा नेम धरतो आणि हिरवी खूण दाखवतो, मग पूर्ण दाबा. घाईने एकदम दाबल्यामुळे जेवढे फोटो बिघडतात तेवढे दुसऱ्या कशानेच बिघडत नाहीत. दोन्ही कोपर अंगाला टेकवा. जवळची वस्तू टिपताना फुलाची खूण लावा आणि झूम करू नका, हातच पुढे न्या. डिजिटल झूम बंद करा. तो चित्र जवळ आणत नाही, कापून ताणतो. सेल साधे घेऊ नका, दहा-वीस फोटोंत मान टाकतात. चार्ज होणारे घ्या. कॅमेरा महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खातात. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी जी पुडी येते, ती घालून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दवाखान्यात मी कॅमेरा ठेवला तो चामखिळींसाठी. पेशंट विचारतो, ‘‘कमी आहे का हो?’’ आणि मलाही आठवत नसे. म्हणून शेजारी प्लॅस्टिकची पट्टी ठेवून फोटो काढायचा, महिन्याने पुन्हा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचे. खरे सांगायचे तर या फोटोंचा मला अभिमानही होता. चामखिळी गेल्या की मी औषधाला श्रेय देई. पुष्कळ चामखिळी कालांतराने आपोआप जातात हे पुस्तकात वाचलेले होते, पण ते वाक्य मी सोयीने मागे ठेवत असे.

२०११ च्या जून महिन्यात एक मावशी आल्या. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे आणि ओळख पटेल असे काही सांगत नाही. पायाच्या अंगठ्यावर पाट पडला होता, नख काळे झाले होते. रक्त साकळले आहे, नख वाढेल तसे पुढे सरकत जाईल, असे मी सांगितले आणि अर्निका दिले. सवयीने पट्टी ठेवून फोटो काढला. जुलैअखेर त्या आल्या. ‘‘आता काय नाही बघा डॉक्टर, कमी आलंय.’’ मी केसपेपरवर लिहिले, ‘उतार’. फोटो काढला. सप्टेंबरमध्ये पुन्हा आल्या. दुखत नव्हते. मी पुन्हा लिहिले, ‘उतार’. फोटो काढला.

त्या आठवड्यात कॅमेऱ्याचे कार्ड भरले. रात्री घरी बसून फोटो संगणकावर उतरवत होतो, आणि ते तीन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी आले.

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे जाते आणि मागे, मुळाशी, स्वच्छ नख दिसू लागते. तीन महिन्यांत चार-साडेचार मिलिमीटर स्वच्छ नख दिसायला हवे होते. तिथे अर्धा मिलिमीटरही दिसत नव्हते. काळा पट्टा मुळापासून निघत होता. पट्टीवर मोजला, जूनमध्ये तीन मिलिमीटर रुंद होता, सप्टेंबरमध्ये पाच. आणि तिसऱ्या फोटोत काळेपणा नख ओलांडून मागच्या कातडीवर उतरला होता. त्याला हचिन्सनचे चिन्ह म्हणतात. विद्यार्थीदशेत मी ते पाठ केले होते. गेल्याच आठवड्यात तो अंगठा हातात धरून पाहिला होता आणि ‘उतार’ लिहिले होते.

मी डोळ्यांनी काय पाहिले होते? मावशींच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहिले. माझ्याच आधीच्या पानावरचा ‘उतार’ पाहिला. मला जे व्हायला हवे होते ते पाहिले. कॅमेऱ्याला माझे औषध लागू पडावे असे वाटत नव्हते, एवढाच आमच्यात फरक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावून सर्जनकडे पाठवले. तुकडा तपासला. मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. अंगठा अर्धा काढावा लागला. पसरलेला नव्हता. त्या आजही आहेत, जरा पाय टाकत चालतात. जुलैमध्येच पाठवले असते तर अंगठा वाचला असता का, हे मी सर्जनना विचारले. ते म्हणाले, ‘‘सांगता येणार नाही.’’ हे उत्तर मी तेव्हापासून जवळ बाळगले आहे. मावशींनाही मी सगळे सांगितले, तीन फोटो दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मला वाटलं होतं तुम्ही हौसेनं काढता.’’

या हकिगतीला एक पुरवणी आहे, आणि तुमच्यासाठी ती महत्त्वाची आहे. सर्जनना फोटो दाखवायचे तर कोणता कधीचा ते सांगायला हवे. कॅमेरा फोटोत तारीख नोंदवतोच, म्हणून मी निर्धास्त होतो. पाहिले तर तिन्हींवर जानेवारी २००९. सेल काढून ठेवायची माझी शिस्त, आणि सेल काढले की या कॅमेऱ्याचे घड्याळ काही वेळाने मूळपदावर जाते. वाचवले ते एका चिठोऱ्याने. केस नंबर आणि तारीख कागदावर लिहून तो कागद मी पट्टीशेजारी ठेवत असे, त्यामुळे तो फोटोतच होता. तेव्हापासून माझा दुसरा नियम: फोटोची माहिती फोटोच्या आत, हाताने लिहून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे दवाखान्यापुरते झाले. आमच्या घरी याचा काय उपयोग?

तुमच्या घरी कागद आहेत. या भागात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहोत. खरेदीखते, सावकारी वह्या, लग्नपत्रिका, पणजोबांची मोडीतली पत्रे, शाळेचे दाखले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. आज वाचणारा शोधावा लागतो, पण मिळतो. कागद मात्र थांबत नाही. वाळवी आहे, ओल आहे, वाटणीनंतर रद्दीत जाणाऱ्या ट्रंका आहेत. आणि आपल्यालाही तोच रोग आहे, जो मला झाला होता. ‘आजोबांचे सगळे कागद नीट आहेत’ असे आपण दर दिवाळीला म्हणतो आणि उघडून पाहत नाही. हाही एक ‘उतार’च.

तेव्हा एका रविवारी सकाळी, थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी टेबल ओढा. कागद सपाट पसरा. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे पुस्तकांचे ढीग रचा, त्यांवर दोन फुटपट्ट्या आडव्या टाका आणि त्यांच्या मधल्या फटीतून खाली पाहील असा कॅमेरा पालथा ठेवा. लेन्सचे तोंड कागदाला समांतर हवे, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. फ्लॅश बंद, टायमर दोन सेकंद. पट्टी आणि चिठोरा कागदाशेजारी. आधी पूर्ण पान, मग बारीक अक्षराचे भाग. पाठकोरा वाटला तरी मागची बाजू घ्याच. जुन्या फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी शाईत नावे असतात. काचेच्या तसबिरीत तुमचेच प्रतिबिंब दिसत असेल तर कॅमेऱ्यामागे काळे कापड धरा. आमच्या घरी त्यासाठी जुनी छत्री उपयोगी पडते.

उतरवून घेतानाही जपा. हे कॅमेरे फोटोंना १ पासून ९९९९ पर्यंत नंबर देतात आणि पुन्हा १ वर येतात. काही तर कार्ड रिकामे केले की लगेच १ वर येतात. मी एकदा नवे फोटो जुन्याच फोल्डरमध्ये उतरवले. संगणकाने विचारले, याच नावाची फाइल आहे, बदलू का? मी घाईत हो म्हणालो. माझ्या वडिलांच्या हिशेबाच्या वहीची चाळीस पाने गेली, आणि ती वही तोवर वाळवीने संपवली होती. दर वेळी नवा फोल्डर करा, त्यावर तारीख घाला आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा. महत्त्वाचे ते कागदावर छापून घ्या.

मोबाइलने हे होणार नाही का? जरूर होईल, आणि आजचा मोबाइल कमी उजेडात या कॅमेऱ्याहून सरस आहे. पाच-सहा चित्रे झटकन घेऊन तो त्यांचे एक करतो. तो सुरकुत्याही पुसतो, ओठांना रंगही देतो. लग्नात ते छान वाटते. अंगठ्याच्या बाबतीत मला पुसलेले काही नको असते. शिवाय मोबाइलमधला फोटो कुठे कुठे जातो ते मालकालाही ठाऊक नसते. पेशंटच्या अंगाचा फोटो चुकून नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊ नये, याची हमी माझा खणातला कॅमेरा देतो. त्याला कुठे पाठवताच येत नाही. फोटो मात्र मी विचारल्याशिवाय काढत नाही, आणि तुम्हीही दुसऱ्याच्या घरचे कागद विचारल्याशिवाय टिपू नका.

मी कॅमेऱ्याची फार बाजू घेतो आहे असे वाटत असेल, तर त्याची मर्यादाही सांगतो. आम्हा जैनांकडे ‘नय’ हा शब्द आहे. वस्तूला अनंत बाजू असतात. एका बाजूने केलेले विधान त्या बाजूपुरते खरे. फोटो हा असाच एक नय. मावशींचा अंगठा दुखत होता की नाही हे फोटोत नव्हते. पाट कसा पडला, घरी कोण होते, दवाखान्यात यायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली, हे केसपेपरवर होते. तिथे माझी लेखणी खरी होती, अंगठ्याबाबत चुकीची. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा काय ते कळले. म्हणूनच हा विषय साहित्य मंडळात आणायचे मी धाडस केले. लिहिणारी माणसे तुम्ही आहात. फोटो तर घरोघरी हजारांनी पडले आहेत. त्यांखाली दोन ओळी लिहायला माणूस हवा.

शेवटी एक घरची गोष्ट. आमच्याकडे एक ग्रुप फोटो आहे. वाड्याच्या पायऱ्यांवर एकोणीस माणसे, पुढे जमिनीवर मुले. मी तो या कॅमेऱ्याने टिपला, मोठा करून छापला आणि आईपुढे ठेवला. आईने बोट ठेवून सोळा नावे सांगितली. उरलेल्या तिघांपाशी अडली. ‘‘तुझ्या आत्याला माहीत होतं,’’ म्हणाली. आत्या जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. कॅमेरा माझ्याकडे त्याआधीपासून होता, आणि फोटोही भिंतीवरच होता.

तो मोठा केलेला फोटो मी आज बरोबर आणला आहे. मागच्या टेबलावर आहे, शेजारी पेन्सिल आणि चिठोरे ठेवले आहेत. उजवीकडून दुसरे फेटेवाले गृहस्थ, मधल्या ओळीत काठीला धरून उभी असलेली बाई आणि पुढे बसलेला, हातात पाटी असलेला मुलगा, या तिघांपैकी कुणाला ओळखत असाल तर जाताना नाव लिहून जा. हे भाषण तुम्ही छापील वाचत असाल, तर फोटोची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवायला दिली आहे. आणि घरी गेल्यावर, तुमच्या भिंतीवरचा फोटो उतरवून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे न्या.